सासऱ्यांची वही आणि कोरी डावी पानं

पत्र थोडक्यात असं: "मी मूळची कोल्हापूरची, वय 38. लग्नाला अकरा वर्षं झाली. नवरा इंग्रज, आम्ही राहतो इंग्लंडमधल्या यॉर्कशायरात, बार्न्सलीला. सासरे 77 वर्षांचे, कोळशाच्या खाणीत होते. सासूबाई दीड वर्षापूर्वी गेल्या. तेव्हापासून सासरे दर रविवारी जेवायला येतात आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून बोलत राहतात. क्रिकेट, त्यांचा बॅण्ड, थॅचरबाई, संप, टोमॅटोवर पडलेली कीड, कचऱ्याच्या डब्यांचे बदललेले वार. नवरा पाच मिनिटांत उठून जातो. माझ्याच्यानं उठवत नाही, मी भांडी आवरत हं हं करत राहते. महिन्यापूर्वी टीव्हीवर होडीतून समुद्र ओलांडून ब्रिटनमध्ये येणाऱ्या माणसांची बातमी लागली होती. ते म्हणाले, 'देश भरला आता, पुरे झालं.' मग माझ्याकडे बघून म्हणाले, 'तुला नाही म्हणत.' मी ताट तसंच टाकून वर निघून गेले. पुढच्या रविवारी ते आले, एक जाड वही टेबलावर ठेवली आणि चहाही न घेता गेले. त्यानंतर आलेले नाहीत. सासूबाई गेल्यापासून त्यांनी त्या वहीत लिहिलंय, फक्त उजव्या पानांवर. माझी अर्धी वाचून झाली. नवरा म्हणतो, देऊन टाक परत, त्यांचं हे आयुष्यभर चाललंय. वही परत करू का? काय बोलून करू? आणि मी जरा जास्तच मनाला लावून घेतलं का?"

ताई,

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तो तुम्ही शेवटी ढकललाय आणि झोप त्यानेच उडवलेली दिसते. नाही, तुम्ही जास्त मनाला लावून घेतलं नाही. 'तुला नाही म्हणत' हे ऐकताना माणूस एका क्षणात दोनदा मोजला जातो. घरातली सून म्हणून आत, आणि तिच्यासारखी दिसणारी, तिच्यासारखीच कागदपत्रं घेऊन रांगेत उभी राहिलेली सगळी माणसं बाहेर. तुम्हीही अकरा वर्षांपूर्वी त्या रांगेत होतात. तुम्ही उठून गेलात ते बरोबर केलंत.

आता वहीबद्दल. परत करू नका. निदान अजून नको, आणि नवरा म्हणतो तशी तर नकोच.

तुम्ही लिहिलंय की वाचताना गोंधळ होतो. एका पानावर फ्रेड ट्रूमनची गोलंदाजी, मध्येच बॅण्डच्या तालमीत कुणाचा सूर लागला नाही, खाली 1984 सालचा खाणकामगारांचा संप आणि शेवटी वाफ्यात आलेला मटार. 'कशाचा कशाशी संबंध नाही' असे तुमचे शब्द आहेत. इथं मला माझ्या वडिलांबद्दल सांगायला हवं.

माझे वडील परळच्या एका गिरणीत साच्यावर होते. 18 जानेवारी 1982 ला संप झाला तेव्हा मी कॉलेजात होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यातले बहुतेक परत आत गेलेच नाहीत. त्यानंतर वडील सव्वीस वर्षं जगले आणि सव्वीस वर्षं बोलले. कबड्डीचा कुठला सामना, भजनी मंडळातला कुठला पखवाजी, डॉक्टर सामंतांची कुठली सभा, खानावळीतल्या कुठल्या बाईच्या हातची आमटी. एका वाक्यात सामना सुरू व्हायचा आणि संपात संपायचा. आम्ही भावंडं 'बाबांचं सुरू झालं' म्हणून उठायचो, तुमचा नवरा उठतो तसेच. त्यांच्या तेराव्याला त्यांच्याच खात्यातले एक काका आले होते. ते सहज बोलून गेले की आमची पाळी सुटली की तीच माणसं मैदानात, तीच रात्री भजनाला, तीच मोर्चाला. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. वडील चार विषयांवर बोलत नव्हते. ते त्याच बारा-पंधरा माणसांबद्दल बोलत होते.

तुमच्या सासऱ्यांची वही तशी वाचून बघा. बार्न्सलीच्या आसपासच्या खाणगावांत खाण एक, तिचं क्रिकेटचं मैदान एक, बॅण्ड एक, क्लब एक आणि संघटना एक होती. ग्राइमथॉर्पच्या खाणीचा बॅण्ड 1917 सालचा. ऑक्टोबर 1992 मध्ये ती खाण बंद होणार अशी घोषणा झाली, आणि त्याच आठवड्यात त्या बॅण्डनं लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. पुढच्या वर्षी खाण बंद झाली. बॅण्ड आजही आहे. तुमचे सासरे वेगळ्या बॅण्डात असतील, पण त्यांनी कॉर्नेट या पितळी वाद्यावर चार पानं आणि खाण बंद झाली त्या दिवसावर दोनच ओळी लिहिल्यात असं तुम्ही कळवलंय. त्या दोन ओळींचं उरलेलं सगळं त्या चार पानांत आहे. माझ्या वडिलांनीही गिरणीच्या फाटकाला कुलूप लागलं तो दिवस कधी सांगितला नाही. पखवाज मात्र रोज सांगितला.

माझी धाकटी बहीण शेफील्डला तीस वर्षं आहे. तिच्याकडे गेले की मी ट्रेननं बार्न्सलीच्या बाजारात जाते, म्हणून हे थोडं जवळून बोलते आहे. तिथं पंच डिकी बर्ड यांचा बोट वर केलेला पुतळा आहे. तेही खाणकामगाराचेच मुलगे. फलंदाज जेफ्री बॉयकॉटही जवळच्याच फिट्झविल्यम गावच्या खाणकामगाराचे मुलगे. बार्न्सलीच्या एकाच क्लबात हे दोघं तरुणपणी खेळले. म्हणजे तुमचे सासरे बॉयकॉटच्या 1977 मधल्या हेडिंग्ले मैदानावरच्या शंभराव्या शतकाबद्दल तासभर बोलतात तेव्हा ते एखाद्या दूरच्या ताऱ्याबद्दल बोलत नसतात. आपल्या गल्लीतल्या पोराबद्दल बोलतात.

आणखी एक. तुम्ही लिहिलंय की ते तुम्हाला 'यू' न म्हणता 'दी' आणि 'दा' असं काहीतरी म्हणतात, आणि तुम्हाला ते दात नसल्यामुळे वाटायचं. ताई, तो त्यांचा 'तू' आहे. बाकीच्या इंग्रजीत हा 'तू' कधीच मेला, सगळ्यांना सरसकट 'यू'. बार्न्सलीच्या जुन्या माणसांच्या तोंडी मात्र तो अजून जिवंत आहे, आणि ती माणसं तो कुणालाही देत नाहीत. परक्याला, डॉक्टरला, साहेबाला 'यू'. घरच्याला, पाळीतल्या सोबत्याला 'दी'. आपल्याकडे आत्या 'अगं तू' म्हणते तसं. त्यांनी तो तुम्हाला कधीपासून दिला ते आठवून बघा. त्या रविवारचं वाक्यसुद्धा त्यांनी त्याच 'तू'ने म्हटलं असणार. म्हणून ते जास्त लागलं. मायेनं म्हटलेलं होतं आणि तरीही तुम्हाला तुमच्याच माणसांपासून तोडत होतं.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे त्या वाक्याचं काय करायचं.

तुमच्या गावाचा राग कुठून आला हे तुम्हाला अकरा वर्षांत कळलं असेलच. 2016 मध्ये बार्न्सलीत 68 टक्के मतं युरोपातून बाहेर पडायला पडली. जिथं खाणी होत्या तिथं गोदामं आली, कायम नोकरीच्या जागी आठवड्या-आठवड्याची कामं आली, आणि ती कामं करायला लांबून माणसंही आली. आधीचं कुणी नेलं याचा हिशेब न मिळालेल्या माणसाला समोर दिसणाऱ्या माणसाकडे बोट दाखवणं सोपं जातं. हे मी तुम्हाला समजावं म्हणून सांगते आहे. तुम्ही गप्प बसावं म्हणून नाही. वाक्य चुकीचं आहे आणि ते त्यांना तुमच्याच तोंडून कळायला हवं, कारण दुसरं कोण सांगणार? नवरा उठून जातो, आणि क्लबातले सोबती बहुधा मान डोलावतात.

पण टीव्हीवरच्या आकड्यांनी सांगू नका. आकड्यांच्या भांडणात तुम्ही जिंकलात तरी ते पुढच्या रविवारी येणार नाहीत. त्यांच्या वहीतूनच सांगा.

वहीत एका पानावर 1977 च्या उन्हाळ्यात 'बसने लंडनला गेलो, पोलिसांनी टोपी उडवली' एवढंच आहे आणि कशासाठी ते लिहिलेलं नाही, असं तुम्ही कळवलंत. मी ते वाचून उठून बसले. त्यांनी लिहिलेलं नाही म्हणून खात्रीनं सांगता येत नाही, पण त्या उन्हाळ्यात यॉर्कशायरचे खाणकामगार बसगाड्या भरून लंडनला गेले ते ग्रनविकसाठी. फोटो धुणारा तो कारखाना. तिथं काम करणाऱ्या बहुतेक बायका पूर्व आफ्रिकेतून आलेल्या गुजराती. ऑगस्ट 1976 मध्ये जयाबेन देसाई नावाची, साडी नेसणारी, जेमतेम पाच फूट उंचीची बाई तिथून बाहेर पडली आणि तिच्यामागे बाकीच्या आल्या. संघटना करू द्या एवढंच मागणं होतं. जवळजवळ दोन वर्षं त्या फाटकाबाहेर उभ्या राहिल्या. त्यांच्या बाजूनं उभं राहायला बार्न्सलीहून यॉर्कशायरच्या खाणकामगार संघटनेचे अध्यक्ष आर्थर स्कारगिल आणि त्यांची माणसं गेली, स्कारगिलना तिथं अटकही झाली. बायका शेवटी हरल्या. पण काळवंडलेल्या हातांची, क्रिकेटवेडी, बियर पिणारी यॉर्कशायरची माणसं साडीतल्या बायकांसाठी पोलिसांसमोर उभी राहिली हे झालेलं आहे.

तुमचे सासरे तेव्हा तिशीच्या आत होते. त्यांना विचारा, 'डॅड, ती बस कुठं चालली होती?' एवढंच विचारा आणि थांबा. ते ग्रनविक म्हणाले, तर विचारा, त्या बायकांना तेव्हा कुणी म्हणालं होतं का की देश भरला आता? ते तिथं गेले नसतील, बस दुसऱ्याच कशासाठी गेली असेल, तरी विचारा की त्यांच्यातलं कोण गेलं होतं. त्या गावात कुणी ना कुणी गेलेलंच असेल. आणि मग तुमचं सांगा. शब्द हवे असतील तर हे घ्या: 'तुम्ही म्हणालात, तुला नाही म्हणत. पण मी त्यांच्यातलीच आहे. मलाही दारात उभं राहून कागद दाखवावे लागलेत. तुम्ही मला वेगळं काढलंत त्याचा मला जास्त त्रास झाला.' आवाज चढवायची गरज नाही. आणि हे म्हणताना हातात भांडं नको. समोर बसा. तुम्ही हं हं करत आवरत राहता, त्यामुळे आजवर त्यांना तुमचं मत काय आहे ते कळलंच नाही, असं मला तुमचं पत्र वाचून प्रकर्षानं वाटलं. ऐकून घेणं आपल्याला शिकवलेलं आहे आणि ते चांगलंच आहे. पण ज्याची बायको गेली आहे त्याला ऐकणाऱ्यापेक्षा उलट बोलणारं माणूस जास्त हवं असतं. पन्नास वर्षं त्यांना कुणीतरी 'काहीतरीच बोलू नका' म्हणत असणार, ते आता थांबलंय.

उलट बोलायला तुमच्याकडे साहित्य भरपूर आहे. वहीत 1952 च्या हेडिंग्ले कसोटीचं पान आहे: दुसऱ्या डावात भारत शून्यावर चार बाद, पहिलीच कसोटी खेळणाऱ्या ट्रूमननं त्यातले तीन घेतले. ही गोष्ट त्यांनी त्यांच्या वडिलांकडून ऐकली आणि तुम्हाला सात-आठ वेळा ऐकवली. त्यांना सांगा की त्याच सामन्याच्या पहिल्या डावात वीस वर्षांच्या विजय मांजरेकरांनी 133 धावा केल्या होत्या. आणि शून्यावर चार गेल्यावर जे उभे राहिले, कर्णधार विजय हजारे आणि दत्तू फडकर, त्यातले हजारे सांगलीचे आणि फडकर तुमच्या कोल्हापूरचे. हजाऱ्यांच्या 56, फडकरांच्या 64. सामना भारत हरला, ते मान्य करून टाका. यॉर्कशायरच्या माणसाला हरलेलं मान्य करणारं माणूस आवडतं. आणि त्यांनी फारच ताणलं तर 1986 काढा. त्याच मैदानावर वेंगसरकरांचं नाबाद शतक आणि भारताचा 279 धावांनी विजय. यॉर्कशायरनं काउंटीबाहेर जन्मलेल्यांना संघात घ्यायला सुरुवात केली 1992 मध्ये, आणि बाहेरच्या देशातून आलेला त्यांचा पहिला खेळाडू होता मुंबईचा एकोणीस वर्षांचा सचिन तेंडुलकर. त्यांच्या वहीत हे आहे का बघा. दरवाजा उघडला तेव्हा काय आलं आत, हेही त्यांना माहीत असणारच.

आणि फुटबॉल! त्यांना वाटतं भारतात फुटबॉल नाही, असं तुम्ही लिहिलंत आणि तुम्ही त्यावर काही बोलला नाहीत? कोल्हापूरच्या मुलीनं हे ऐकून घ्यावं? पाटाकडील तालीम आणि दिलबहारचा सामना असला की शाहू स्टेडियमच्या बाहेर काय असतं ते सांगा त्यांना. पेठेची इज्जत, पोलीस बंदोबस्त, घरातली दोन भावंडं दोन बाजूंना. बार्न्सलीचा संघ 1997-98 मध्ये एकच हंगाम प्रीमियर लीगमध्ये होता. त्या एका हंगामावर सासऱ्यांनी नऊ पानं लिहिली आहेत. त्या माणसाला पेठेचा फुटबॉल समजावायला पाच मिनिटं पुरतील.

राजकारणावर पटणार नाही. काही गोष्टी कधीच नाही पटणार आणि त्या तशाच ठेवून जेवता येतं. संपाबद्दल मात्र विचारा. 18 जून 1984 ला ऑरग्रीव्हला घोड्यांवरचे पोलीस संपकऱ्यांच्या अंगावर आले, 95 जणांवर खटले भरले आणि ते कोर्टात टिकले नाहीत. त्याची चौकशी सरकारनं जाहीर केली ती 2025 च्या जुलैमध्ये, एक्केचाळीस वर्षांनी. अलीकडे ते संपाबद्दल जास्त बोलतात असं तुम्ही म्हणता, त्याचं एक कारण हे असू शकेल. आणि त्यांना विचारताना एकट्या त्यांच्याबद्दल विचारू नका, सासूबाई त्या वर्षी काय करत होत्या ते विचारा. त्या वर्षी गावागावात बायकांनी सामुदायिक स्वयंपाकघरं चालवली, मोर्चे काढले, आयुष्यात पहिल्यांदा व्यासपीठावर उभ्या राहून बोलल्या. नवऱ्याच्या आठवणींच्या वह्यांत बायका फार कमी असतात. तुमच्या घरातली ती एक आठवण सांगू शकणारा माणूस आता एकच उरलाय.

नवऱ्याबद्दल थोडंसंच. त्या वर्षी ते दुपट्यातलं बाळ होते असा तुमच्या पत्रातून हिशेब लागतो. ज्या घरात वर्षभर पगार आला नाही त्या घरात ते वाढले आणि त्यानंतरची चाळीस वर्षं त्यांनी त्याचीच गोष्ट ऐकली. त्यांचं उठून जाणं मला समजतं, मीही उठत होते. त्यांना बसायला लावू नका. तुम्ही दोघं हसलात किंवा भांडलात, आवाज आला, की ते आपण होऊन दारात येऊन उभे राहतील. तेवढं पुष्कळ आहे.

आता डावी पानं. शाई उमटते म्हणून त्यांनी ती कोरी सोडली असतील, किंवा शाळेत तशी सवय लागली असेल. कारण काही असो, पानं मोकळी आहेत. त्यांच्या पानासमोर तुमचं लिहा. ट्रूमनसमोर फडकर. बार्न्सलीच्या ओकवेल या फुटबॉल मैदानासमोर शाहू स्टेडियम. त्यांच्या बॅण्डसमोर तुमच्या गल्लीतल्या लग्नाचा बॅण्ड लिहा, तीच पितळेची वाद्यं गोऱ्या फौजेबरोबर आपल्याकडे आली आणि आपण त्यांच्यावर वेगळीच गाणी वाजवली. टोमॅटोच्या किडीसमोर तुमच्या आजीचा राखेचा उपाय. आणि ज्या पानावर तुमचं नाव आहे, ज्यात त्यांनी 'ती ऐकते' एवढंच लिहिलंय, त्याच्यासमोर त्या रविवारी तुम्ही वर खोलीत जाऊन काय केलंत ते लिहा. इंग्रजीत लिहा, मोडकंतोडकं चालेल. एखादी ओळ मराठीत राहिली तर त्यांना तुम्हाला विचारावं लागेल.

सगळी वही भरायची वाट बघू नका. चार-पाच पानं झाली की जा. ते येतील म्हणून थांबू नका, ते येणार नाहीत. वही देऊन त्यांच्या बाजूचं त्यांनी केलंय. रविवारी जाऊ नका, रविवारी तुम्ही सून असता. बुधवारी दुपारी त्यांच्या भाजीच्या वाफ्यावर जा, जिथं ते कामात असतील आणि एकमेकांच्या तोंडाकडे बघायची सक्ती नसेल. त्या भागातल्या माणसांना समोरासमोर बसून मनातलं बोलायला जड जातं, शेजारी शेजारी उभं राहून जमतं. आधी मातीचं काहीतरी बोला. मग बसबद्दल विचारा. मग तुमचं.

ते माफी मागतील असं धरून जाऊ नका. 'हम्म' म्हणतील आणि एक जुडी कांद्याची पात हातात देतील, बहुधा तेवढंच. त्यानंतरचं वाक्य तुम्ही ऐकलंत की मला कळवा, मला खरंच ऐकायचंय.

आणि वही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून न्या. तिथला पाऊस सांगून येत नाही आणि त्यांनी शाईच्या पेननं लिहिलंय.